बगळ्याच्या मागची चार पावलं

आमच्या गल्लीतलं आदर्श जोडपं कोणतं, असं कुणालाही विचारा, बोट बगळ्याच्या घराकडेच जाईल. बगळा म्हणजे एक जुना सैनिक. हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की पोस्टमनसुद्धा त्याची पत्रं ‘बगळ्याची’ म्हणूनच वेगळी काढतो. उंच, काटकुळा माणूस. पाय गुडघ्यापासून वर उचलणार, क्षणभर तसाच हवेत धरणार आणि मग अलगद खाली ठेवणार, जसा काही रस्ता आत्ताच रंगवून वाळत घातलाय. त्याच्या मागे चार पावलांवर त्याची बायको. त्याने जिथे पाऊल ठेवलं नेमकं तिथेच तिचं पाऊल पडणार, बोटभरही इकडेतिकडे नाही. मुलगी सासरी जाईपर्यंत आईच्या मागे तीही अशीच चालायची.

गल्लीतल्या सासवांना या दृश्याचं भारी कौतुक. “बघा जरा,” त्या सुनांना म्हणायच्या, “तीस वर्षं संसार केला, पण नवऱ्याच्या पुढे पाऊल म्हणून टाकलं नाही बाईने!” सुना ऐकून घ्यायच्या आणि मनातल्या मनात त्या बाईला शिव्या घालायच्या. मीही अनेक वर्षं हे कौतुक केलेलं आहे. अक्कल वापरायची सोय असतानाही न वापरण्यात मी कुणाला हार जाणारा नाही.

खरी गोष्ट अशी की बगळा फौजेत सुरुंग काढायचा. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचे, काढायचे आणि मागून येणाऱ्यांसाठी वाट मोकळी करायची, हे त्याचं काम. नोकरी संपली, लग्न झालं, मुलगी झाली, केस पिकले, पण पायांना कुणी नोकरी संपल्याचं कळवलं नव्हतं. बायको मागे चालायची ती मानापोटी नाही. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं बाहेर पडली तेव्हा त्याने तिला सांगितलं होतं, “माझ्या पावलावर पाऊल ठेवायचं. शेजारी यायचं नाही.” का, ते सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नाही.

मला हे कळलं ते ती माझ्या खिडकीशी आली तेव्हा. मी माजी सैनिकांच्या मनःस्वास्थ्य केंद्रात कारकून होतो, तीन नंबरच्या खिडकीवर. एक आणि दोन नंबरच्या खिडक्या तिथे नव्हत्या. भिंतीवर ‘मन मोकळं करा’ अशी मोठी पाटी होती आणि तिच्याखाली आधीपासूनची दुसरी, ‘येथे विनाकारण बोलत बसू नये’. अर्जावर नियम छापलेला होता: त्रास सुरू झाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत अर्ज करावा, उशीर झाल्यास उशिराचं कारण लिहावं. बहुतेक जण त्या रकान्यात ‘त्रास होत होता’ असं लिहायचे. आम्ही तो अर्ज कारण अपुरं म्हणून परत करायचो.

तिने अर्ज नीट भरून आणला होता. मी वरून खाली नजर फिरवली आणि म्हणालो, “वहिनी, सही राहिली.”

“ते सही करत नाहीत.”

“हात दुखतो का?”

“हात धडधाकट आहे. पण सही करत नाहीत. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर कधी केली नाही. लग्नाच्या नोंदवहीतसुद्धा नाही. आमचं लग्न तोंडीच आहे, भाऊ.”

“मग अंगठा?”

“अंगठाही नाही.”

मी माझा खास शिक्का काढला. ‘सहीअभावी परत’. हे दोन शब्द रोज लिहून हात दुखायचा म्हणून मी स्वतः खटपट करून तो बनवून घेतला होता. पुढच्या महिन्यात ती परत आली, मी परत शिक्का मारला. तिसऱ्या वेळी मात्र तिने खिडकीच्या गजाला घट्ट धरलं आणि मला धारेवर धरलं.

“तुमचा शिक्का झाला असेल तर आता माझं ऐका. माझी नात पाच वर्षांची आहे. बागेत खेळता खेळता गवतात काहीतरी चकाकलं म्हणून ती धावली. यांनी जी आरोळी ठोकली ती अख्ख्या बागेने ऐकली. हाताला धरून असं खेचलं तिला की कोपर निखळलं पोरीचं. मुलगी म्हणाली, आई, बाबा बरे होईपर्यंत हिला मी या घरात आणणार नाही. चार महिने झाले. चुकीचं काय बोलली ती? मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. मला नातीला बघायचंय, भाऊ. आणि तुम्ही मला शिक्का दाखवताय!”

मी म्हणालो, “नियम आहे, वहिनी.” आजही ते वाक्य आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

त्याच सुमारास केंद्रात नवे साहेब आले. कुठल्याशा परिषदेत त्यांनी ऐकलं होतं की अनवाणी गवतावर चाललं की मनावरचे ताण उतरतात. केंद्राच्या अंगणात हिरवळीचा मोठा चौकोन होता आणि त्यात ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी. साहेबांनी उपक्रमाला नाव दिलं ‘तृणोपचार’. पत्रक वाचून एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने मला खिडकीत येऊन हळूच विचारलं, “गवत खायचं असतं का हो त्यात?”

उद्घाटनाला गर्दी हवी होती, म्हणून अर्ज परत गेलेल्यांनाही बोलावणं धाडलं. छायाचित्राला सही लागत नाही. बगळा आला, त्याच्या मागे चार पावलांवर बायको. सुरुंग काढणाऱ्या तुकडीतले आणखी चार म्हातारेही आले. दुपारी शाळा सुटल्यावर मुलगीही नातीला घेऊन फाटकापर्यंत यायची होती. “लांबूनच बघेन, उपचार खरंच होतायत का,” असं ती आईला फोनवर म्हणाली होती.

साहेब बोलले, टाळ्या झाल्या, चपला निघाल्या. ड्रायव्हर, आचारी, बँडवाले असे सगळे गवतावर बागडायला लागले. सुरुंगवाले पाचही जण काठावर उभे. एकाचाही पाय उचलेना.

साहेबांना वाटलं, शिस्तीची माणसं आहेत, पाटी वाचून थांबली असतील. “माळी! काढ ती पाटी!” माळ्याने हिसडा देऊन पाटी उपटली. तिच्या जागी ओल्या मातीचा खड्डा उघडा पडला. ती उकरलेली माती बघून पाचही जण एकदम दोन पावलं मागे सरकले.

“अहो, घाबरताय काय?” साहेब प्रेमाने ओरडले. “भीती मनात असते, मनात!”

“मनात नाही, साहेब,” बगळा म्हणाला. “चार बोटं खाली असते.”

साहेबांनी हसून छायाचित्रकाराला बागडणाऱ्यांकडे वळायची खूण केली. तेव्हा बायको बगळ्याच्या मागून निघाली. तिने चपला काढल्या, जोडीने नीट ठेवल्या, आणि नवऱ्याला वळसा घालून सरळ हिरवळीत शिरली. मध्यभागी जाऊन मांडी घालून बसली. तीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्या पुढे गेली होती. सासवा तिथे नव्हत्या ते बरं, नाहीतर दोघीतिघींना तरी उचलून न्यावं लागलं असतं.

“हलू नकोस!” बगळा ओरडला. तो आवाज ऐकून बागडणारे सगळे होते तिथे पुतळे झाले.

“मी कशाला हलू? तुम्ही या. मला न्यायला या,” ती म्हणाली. “तुम्ही आल्याशिवाय मी उठणार नाही, सांगून ठेवते.”

बगळ्याने काठापासून तिच्यापर्यंतचं गवत नजरेने मोजलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “फायली शिवायची दाभण असेल ना तुमच्याकडे?”

मी धावत जाऊन दाभण आणली. तो काठावर पालथा पडला. दाभण तिरपी धरून हलक्या हाताने मातीत घालायची, थांबायचं, काढायची, दोन बोटं बाजूला परत घालायची. उभी खुपसायची नाही, तिरपीच. एक ओळ झाली की वीतभर पुढे सरकायचं. चौघांपैकी एक जण म्हणाला, “कडेला फीत लावायला पाहिजे. पांढरी.” मी फायलींच्या फितीचं बंडल आणून दिलं. “सरकारात लालच मिळते,” मी म्हणालो. त्यांनी माझ्या टेबलावरच्या पेन्सिली मातीत रोवल्या आणि साफ झालेल्या पट्टीला दोन्ही कडांनी फीत बांधत ते त्याच्या मागे सरकू लागले. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं, पण हात चुकत नव्हते.

“हे कार्यक्रमपत्रिकेत नाही,” साहेब म्हणाले. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि छायाचित्रकाराला घेऊन जेवायला गेले. पुढे अहवालात त्यांनी ‘तृणोपचाराने पहिल्याच दिवशी लक्षणीय सुधारणा’ असं लिहिलं. जेवण चांगलं झालं असणार.

पट्टी जेमतेम अर्धी झाली होती तेव्हा बगळा बोलायला लागला. आमच्याशी नव्हे, मातीशी. मी फितीचं बंडल धरून जवळ उकिडवा बसलो होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं. तिलाही येत होतं.

“मागून येणाऱ्यांतला एक पोरगा होता. त्याने विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं. मग कागद पुढे केला. इथून तिथपर्यंत साफ, असं लिहून काढणाऱ्याने सही करायची, तशी पद्धत होती. मी केली. तो माझ्या शेजारून चालायला लागला. घरून पत्र आलं होतं, ते मला दाखवत होता. शेजारून चालत होता.” दाभण आत गेली, बाहेर आली. “तो अर्धं पाऊल बाहेर गेला, का मी अर्धं पाऊल कमी तपासलं, हे मला अजून कळलं नाही. सही माझी होती.”

ती रडत होती, पण हलली नाही. हलू नकोस असं त्याने सांगितलं होतं. मला लाज वाटली, अगदी साधी, सरळ लाज. इतके महिने मी या माणसाकडे एकच गोष्ट मागत होतो आणि ती न मिळाल्याबद्दल त्याच्या बायकोवर शिक्के मारत होतो. त्यानंतरच्या गुरुवारी मी त्याला सहीशिवायच केंद्राच्या डॉक्टरीणबाईंकडे आत सोडलं. त्याबद्दल मला कडक शब्दांतलं ज्ञापन मिळालं. सगळ्या नोकरीत मला मिळालेलं ते एकमेव प्रशस्तिपत्र.

पावणेतीन तास लागले. बाटलीची तीन बुचं सापडली आणि कोठीखोलीची किल्लीही. त्या किल्लीसाठी मी सहा वर्षांत अकरा पत्रं लिहिली होती. शेवटी त्याचा हात बायकोच्या गुडघ्याला लागला. तो उठला तेव्हा त्याचा सदरा पुढून पार हिरवा झाला होता.

“चल. माझ्या मागे.”

“नाही,” ती म्हणाली. “शेजारी.”

“पट्टी एकाच माणसापुरती आहे गं.”

“मग दाटीवाटीने जाऊ.”

आणि दोघं तशी निघाली, खांद्याला खांदा घासत. मध्येच त्याने थांबून एक जागा पुन्हा तपासली. तीही थांबली. इतक्यात फाटकाकडून हाक आली, “आजोबा!”

मुलगी फाटकाच्या गजांमागे उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे, डोळे मात्र लाल झाले होते. तिने हात पुढे करेपर्यंत नात फाटकाच्या फटीतून निसटली आणि हिरवळीवरून धावत सुटली. अर्थातच फितीफितीने नाही. तिरकी, न तपासलेल्या गवतातून, हात पसरून.

बगळ्याचा जबडा उघडला. आता आरोळी येणार म्हणून मी खांदे आवळून घेतले. फाटकाशी मुलगीही नातीकडे नाही, बापाच्या तोंडाकडे बघत होती. बायकोने त्याचा हात पकडला. की त्याने तिचा, ते सांगता येणार नाही, पण दोघांची बोटं पांढरी पडली होती.

आरोळी आली नाही.

पोरगी फितीपासून दोन हातांवर थांबली. तिला बहुतेक आठवलं असावं. तिने निखळलेलं ते कोपर दुसऱ्या हाताने धरलं आणि आजोबांकडे बघत उभी राहिली. पुढेही येईना, मागेही जाईना.

बगळ्याने दाभण माझ्या हातात दिली. फितीकडे बघितलं, नातीकडे बघितलं. मग पाय गुडघ्यापासून वर उचलला, हवेत धरला, फारच वेळ धरला, आणि फितीच्या पलीकडे ठेवला. मग दुसरा. तिच्यासमोर जाऊन तो गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, “दुखतंय का गं अजून?”

“थोडं,” ती म्हणाली. खोटंच असावं ते, कारण लगेच तोच हात तिने त्याच्या गळ्यात टाकला.

मुलगी चपला हातात घेऊन आत आली. दोघांच्या शेजारी गवतावर टेकली. मग म्हणाली, “बाबा, रविवारी घरी आणते हिला.”

“सकाळी आण,” बगळा म्हणाला. “उजेड चांगला असतो.”