रिक्षाला गरम हवा

शाळा मी चौथीतच सोडली, पण इंजनाचं मला कुणी शिकवू नये. गाव ते परभणी, उभी हयात रिक्षा चालवली. गुडघे गेले तशी ती पोराच्या हाती दिली. मागच्या हिवाळ्यात पोरगा म्हणाला, "बाबा, रिक्षा लय पेट्रोल खायलीय. परवडत न्हाई. मी पुण्याला जातो, कंपनीत लागतो."

पेट्रोल कमी खाल्लं तर जायचं कारणच उरत न्हाई, असं मी धरलं. आपल्याकडं हिवाळ्यात सकाळी अशी थंडी पडते की चोक ओढल्याबिगर रिक्षा चालू होत न्हाई. गार हवेत पेट्रोल ओल्या सरपणावाणी जळतं, वाया जातं. म्हणून मी तेलाचा डबा कापून सायलेन्सरला गुंडाळला आणि तिथली गरम हवा लोखंडी नळीनं एअर फिल्टरच्या तोंडाला दिली.

पोरगा हसला. "इंजनाला सर्दी झाली का? मग मफलर बी बांधा."

"थोबाड मिट अन् बाटली आण."

टाकीची नळी काढायची, लिटरभर पेट्रोलची बाटली टांगायची आणि रिक्षा बंद पडेपर्यंत हाणायची, ही आमची जुनी परीक्षा. पहिल्या दिवशी रिक्षा साधीच नेली, ती वाटेवरच्या पिंगळी गावाच्या बरीच अलीकडं थांबली. दुसऱ्या सकाळी डबा लावून नेली, तर थेट पिंगळीच्या ठेसनासमोर जाऊन थांबली.

"बघ!" मी म्हणालो.

"गेली खरी," म्हणत त्यानं टाकीची नळी परत जोडली.

तेवढ्यात रेल्वेगाडी आली. माणसं उतरली. कुणाला न्यायला भाऊ मोटारसायकल घेऊन उभा, कुणाची स्वतःचीच लिंबाखाली लावलेली. याच ठेसनावर माझ्या रिक्षात जागा धरायला लोक भांडायचे. आता कुणी वळूनसुद्धा बघितलं न्हाई.

"पेट्रोल वाचलं, बाबा. प्यासिंजर कुठून आणता?"

"येतील. सणावाराला येतील."

खाली बसून त्यानं लोखंडी नळीला हात लावून बघितला. "उनाळ्यात ही काढावी लागंल ना?"

"लागंलच. तापलेल्या दिवसांत गरम हवा दिली तर इंजन दम सोडतं."

"मग ध्यानात ठेवून काढा," तो म्हणाला. परगावी निघालेला माणूस घरच्यांना सांगतो, तसं.

मी डब्याची तार आवळत बसलो. ती घट्टच होती.