लाकाईनं उचललेलं चाक

सिकारोची धावपट्टी गावानं नाचून केली. पापुआच्या त्या डोंगरात रोलर आणणार कोण? अख्खं गाव डोक्याला पिसं खोचून ढोलावर नाचलं, तेव्हा माती बसली. एका जागी मात्र ती मऊच राहिली. पट्टीचा राखणदार लाकाई ती ठेचत बसला की लोक म्हणत, "इथं तुझा बाप दमला असणार!"

त्या सकाळी विमानात लाकाईची बायको पासोन होती. पोटात गळू, अंगात ताप. शहरातला दवाखाना गाठला तरच आशा. विमान धावलं, त्याच मऊ जागी आदळलं आणि उडालं. डावं चाक मातीतच राहिलं.

गावचा रेडिओ मुका. कप्तान निरोपाचा वळसा घेऊन डोक्यावर आला, तसा लाकाई ते चाक दोन्ही हातांनी उंच धरून पट्टीच्या मधोमध उभा राहिला. कप्तानाला कळलं. पुढची खिंड ढगानं भरलेली, म्हणजे उतरायचं ते इथंच. इंधन जाळत विमान घिरट्या घालू लागलं.

लाकाईच्या बहिणीनं, मापुनेनं, तोंडाला सुतकाचा पांढरा चिखल फासला. बाकीच्या बायाही चिखल घ्यायला वाकल्या.

"मापुने, तोंड धू आधी!"

"दादा, एका चाकावर कुणी नीट उतरलंय का?"

"ती खिडकीतून बघतेय, बये! स्वतःचं सुतक बघत खाली यायचं का तिनं?"

मापुने ओढ्याकडे पळाली. साऱ्या बाया धुतल्या तोंडानं हात हलवत उभ्या राहिल्या.

विमान उजव्या चाकावर टेकलं, धावलं, डावा पंख घासत गर्रकन फिरलं आणि आडवं पडलं. कप्तानानं पासोनला उचलून बाहेर काढलं.

"मापुने," ती कण्हत म्हणाली, "कानामागं चिखल राहिलाय की! मी मेले समजून माझी डुकरंही वाटून घेतलीस काय?"

सगळे हसले, पण लाकाईला हसू येईना. कप्तानानं विमानातल्या रेडिओवरून दुसरं विमान मागवलं होतं; ते उतरायला पट्टी मोकळी हवी. गावानं वेलींचे दोर लावून मोडकं धूड ओढलं. ते कडेला जातंय तोवर दरी ढगानं भरली. वर घरघर आली, फिरली, दूर गेली.

"गेलं?" पासोननं विचारलं.

"सकाळी येईल."

"मग आता पट्टीकडं बघू नकोस. इथं बस."

तो बसला.

उजाडता विमान उतरलं, तेव्हा पासोनचा श्वास चालू होता. लाकाईनं पट्टीचं गवत छाटायचा आपला कोयता मापुनेच्या हाती दिला आणि पासोनबरोबर आत चढला.