नाळेची गाठ आणि शैलजाबाई

राजापेठेतल्या डॉक्टर शैलजाबाई पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायच्या त्या पायानं ताल धरून. यंत्रातून धडधड सुरू झाली की त्यांची चप्पल फरशीवर वाजायला लागे. "ऐक वं, लग्नाचा बँड आनला यानं!" म्हणत त्या अशा हसत की बाहेर बाकावरच्या बायकाही कारण न कळता हसू लागत. बाई मूळच्या मोर्शीच्या. शिक्षण मुंबईत झालं, पण बोली तसूभर हलली नव्हती.

"पोट तुयं, लेकरू तुयं. कमी हललं वाटलं का इचार करत बसाचं नाही, सरळ इकडं याचं," हे त्या प्रत्येकीला बजावत.

नवव्या महिन्यात एका सकाळी माझं बाळ गप्प झालं. पोहे खाल्ले, कुशीवर पडले, तरी हलेना. ऑटो करून तडक दवाखाना गाठला. ठोके लागले, पण मध्येच मंदावत होते. बाईंची चप्पल थांबली.

"चाल, आजच पाहून घेऊ त्याले," एवढंच म्हणाल्या.

सिझेरियन झालं. पडद्यापलीकडून आधी रडणं आलं आणि पाठोपाठ बाईंची आरोळी, "पाह्य वं पाह्य! नाळेले गाठ! अस्सल गाठ मारली पठ्ठ्यानं!" सोनोग्राफीत ती दिसलीच नव्हती. मी हसत होते की रडत होते, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून सासूबाई आल्या. गाठीचं ऐकताच म्हणाल्या, "सातव्यात क्रोशा घेऊन बसली होती हे. मी म्हनलंच होतं, गाठी मारू नोको!"

माझा चेहरा उतरला. बाई मात्र खुलल्या. "मावशी, क्रोशानं टोपडं होते, नाळेले गाठ नाही होत. हा बारका होता तवा आतमंदी कोलांट्या मारून राहिला होता. गेला नाळेच्या फाशातून आरपार! सुनेले काऊन बोलता? याले बोला!"

सासूबाईंनी नातवाकडे रोखून पाहिलं. "बापावर गेला मेला! त्याचा बाप बी पायजम्याच्या नाडीले अशाच गाठी मारे!"

हसून हसून माझे टाके ओढले गेले. सिस्टर आम्हा तिघींवर ओरडल्या.

गेल्या वर्षी बाई दवाखाना बंद करून अकोल्याला लेकीकडे राहायला निघाल्या. निरोप द्यायला गेले तेव्हा विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला भीती नव्हती वाटली?"

"वाटली ना! ठोके ऐकले अन् चप्पल बी थांबली मायी. पन तू भेली होती ना. दोघी बी भेऊन बसलो असतो, तं लेकरू कोनं काढलं असतं?"