पेटीतली ओल

दुबईत साहेबांच्या घरी एसी सतत चालतो, हवा कोरडी पडते. म्हणून त्यांचे सिगार लाकडी पेटीत ठेवलेले असतात. आत ओला स्पंज आणि ओल दाखवणारा काटा. तो सत्तरावर ठेवायचं काम माझं. सातवीत शाळा सोडलेल्या माझ्यावर साहेबांनी विश्वास टाकला, त्यामुळे काटा जरा खाली आला तरी मी लगेच स्पंज भिजवतो.

आज त्यांनी एक सिगार बोटांत हलकेच दाबून पाहिला. "वा! कुठे शिकलास रे हे?"

"मोबाईलवर बघितलं, साहेब."

"चला, त्या डबड्याचा काहीतरी उपयोग झाला!" ते हसले. मीही हसलो.

खरं तर शिकलो आईकडे. ती सोलापुरात विड्या वळते. पानं वाळून तुटू नयेत म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळते आणि पान गालाला लावून ओल ओळखते. त्याच विड्यांवर मी वाढलो, आणि 'विडी' हा शब्दच साहेबांसमोर तोंडातून निघेना. त्यांनी हिणवलं नसतं; लाज माझीच होती, हेच जास्त लागतं.

ते गेल्यावर मी झाकण उघडलं. दमट तंबाखूचा वास आला, आईच्या पदराला येतो तसा. मी झाकण पटकन लावलं. ओल उडून जाऊ नये म्हणून, असं मनाशी म्हटलं.