निळसर बाटली

किस्से कॅन्टीनमध्ये जमतात, असं लोक म्हणतात. आमच्या वाळूजच्या शाम्पू कारखान्यात ते लॅबच्या सिंकपाशी साठायचे, बीकर घासता घासता. नोकरी सोडून मी क्रांती चौकाजवळ दुकान टाकलं, पण त्या सिंकची आठवण काही जात नाही.

शाम्पू सुलभाताईंकडे, कंडिशनर रफिकभाईंकडे. शाम्पूत फेस आणणाऱ्या द्रव्यावर ऋण भार, कंडिशनरच्या द्रव्यावर धन. दोघं भेटले की एकमेकांना घट्ट धरतात आणि पांढरा साका होऊन तळाशी बसतो. म्हणून भांड्यांना टेप: ताईंची निळी, भाईंची लाल.

*

साहेबांना एकदा ‘टू इन वन’ची हौस आली. उरलेला शाम्पू आणि कंडिशनर त्यांनी निम्मा निम्मा एका ड्रममध्ये ओतायला लावला. भाई नको नको म्हणत होते. झाकण उघडलं, तर आत दह्यासारख्या गुठळ्या! आता याचं काय करायचं, साहेबांनी विचारलं.

“कढी करू, साहेब,” भाई म्हणाले.

*

टेपचं वेड इतकं, की चहाच्या कपांनाही लावलेली. एकदा ताई चुकून लाल टेपच्या कपातून चहा प्यायल्या.

“मॅडम, पोटात साका होनार,” भाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाले.

ताईंनी कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तोच कप उचलला.

*

ही दोन द्रव्यं एकत्र नांदूच शकत नाहीत, हे ताईंचं ठाम मत. भाईंनी भरपूर पाणी घातलं, ताईंचं द्रव्य जास्त आणि आपलं कमी घेतलं, बाटली भरली. साका नाहीच. आरपार द्रावण, त्यात निळसर झाक.

“बराबरी केली की खाली बसतंय, मॅडम. मी कमी झालो, बस.”

ताईंनी बाटली खिडकीत टेस्टला ठेवली. साका बसेपर्यंत बाटली तिथून काढायची नाही, हा लॅबचा नियम.

*

मुलानं बोलावलं म्हणून भाई शारजाला गेले. आम्ही सगळे त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. ताई बीकर घासत राहिल्या. नंतर लॅब फार शांत झाली, ती शांतता अंगावर यायची. चहाच्या वेळी ताई मात्र दोन्ही कप धुवायच्या.

*

पुढं नवे साहेब आले. त्यांनी खिडकीतल्या जुन्या बाटल्या काढायला घेतल्या. निळसर बाटलीला हात लागला, तशा ताई उठल्या.

“ती राहू द्या. टेस्ट चालू हाय.”

इतकी वर्षं कसली टेस्ट, साहेबांनी विचारलं.

ताईंनी बाटली उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिल्या.

“नाय बसला अजून,” त्या म्हणाल्या, आणि बाटली होती तिथं ठेवली.