पूर्णेकाठचे गाळलेले सहा किलोमीटर

यंदा डिसेंबरात माझ्या मोठ्या नणंद वंदनाताई म्हणाल्या, "चिखलदऱ्याचा घाट तुमाले लखलाभ. मी नदीकाठानं सायकलवर अकोल्याले चालली." वंदनाताई निवृत्त तलाठी, गुडघे कुरकुरतात, पण सायकल सुटत नाही. मी शाळेत भूगोल शिकवते. म्हटलं, पूर्णेकाठची वाट फोनवर नोंदवू आणि ब्लॉगवर टाकू, पुढच्यांची सोय होईल.

पहिला दिवस सोपा. अमरावतीहून सहाला निघालो, वलगावला पेढी नदी ओलांडली, तर्री-पोहे खाल्ले आणि डांबरी रस्त्याने दुपारी दर्यापूर. लॉजची खोली सातशेत, गरम पाणी बादलीने. पिण्याचं पाणी मात्र इथेच भरून घ्या. हा खारपाणपट्टा; पुढे हातपंपाचं पाणी तोंडात धरवत नाही.

दुसऱ्या दिवशी पूर्णेच्या पुलाजवळ टपरीवर चहा घेतला. मी फोनवरची नोंद तपासायला लागले आणि बाकावरच्या गप्पा एकदम बंद पडल्या. तिथून पांदणीला लागलो, म्हणजे शेतात जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटेला. चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या, सायकल निम्मा वेळ हातातच. डावीकडे खोल पात्र, उजवीकडे तूर. आणि मागे एक मोटारसायकल. आम्ही थांबलो की तीही थांबायची.

तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा वंदनाताईंनी हवा भरायचा पंप काढून हातात घेतला.

"काय पायजे तुमाले?"

"मले काय पायजे? तुमीच सांगा ना! मोबाईलमंदी कायची रेघ काढून राह्यले?"

पन्नाशीचा माणूस, गळ्यात दुपट्टा. शेत त्याचंच होतं. मागे दोघं जण असेच आले होते, फिरायला आलो म्हणाले होते. "मी त्यायले चहा पाजला. महिन्याभरात वावरात खुणेचे दगड! कायचे, कोनी सांगत नाही. तुमी सरकारी काय?"

"नाही," वंदनाताई म्हणाल्या. जरा जास्तच पटकन.

मी फोनवरचा नकाशा दाखवला. त्याने बोट फिरवत स्वतःची विहीर शोधली. "हे कोनाले दिसते?"

"ब्लॉगवर टाकलं की कुणालाही."

"मंग पुसा."

वंदनाताईंची तलाठ्याची नजर मात्र नदीत उतरलेल्या ट्रॅक्टरच्या ताज्या चाकोऱ्यांवर होती. "अन् इथून रेती कोन नेते?"

"मले मालूम नाही." तो पात्राकडे पाहत राहिला, मग वळला. "सरकारी नाही म्हनता ना? मंग काहून विचारून राह्यल्या?"

वंदनाताईंनी पंप परत सायकलला अडकवला. त्याने गाडी पुढे घातली, आम्हाला डांबरी रस्त्याला लावलं आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत तिथेच उभा राहिला. पुढचा प्रवास रस्त्यानेच: गांधीग्राम, मग अकोला. सायकली पार्सल डब्यात टाकून रेल्वेने बडनेऱ्याला परत. नदी पुलावरून काय दिसली तेवढीच.

घरी आल्यावर मी म्हटलं, तो रेतीवालाच असणार, म्हणून हाकललं. "रेतीत हात असन त्याचा," वंदनाताई म्हणाल्या. "अन् दगडबी खरे असन."

म्हणून खालच्या नकाशात पांदणीचे ते सहा किलोमीटर नाहीत. पूर्णेकाठी जाणार असाल तर शेतात कोणी आहे का ते आधी बघा, आणि आपण कोण ते खरं सांगा. आम्ही सांगितलं नाही.