नाव आमचं, हळद त्यांची

परवा दुपारी सिंदी मेघेला आमच्या घरासमोर ऑटो थांबला. एक अनोळखी बाई उतरल्या, आत आल्या आणि हळदीचं पाकीट टेबलावर आपटलं… "पोरीच्या लग्नाची हळद होती वो! पूर्ण तोंडावर पुरळ उठलं तिच्या. सगळ्या फोटोत तोंड लपवून बसली हाय!"

आम्ही घरची हळद ऑनलाइन विकतो; पाकिटावर नाव आमचंच. 'सुभद्राबाईंची हळद'. फोटोही आमच्या सासूबाईंचा, म्हणजे सुभद्राबाईंचाच, नाचणगावच्या वावरात मी काढलेला… फक्त पाकीट आमचं नव्हतं.

झालंय असं, की आमच्या वेबसाइटच्या नावाच्या शेवटी भारताचं डॉट इन आहे. प्रत्येक देशाचं असं आपलं वेगळं एक्स्टेंशन असतं, आणि आता कितीतरी देश ते बाहेरच्या कोणालाही विकतात. कोणीतरी आमचंच नाव घेतलं, मागे कुठल्यातरी दूरच्या बेटाचं एक्स्टेंशन लावलं, आमचे फोटो उचलले आणि दुकान मांडलं. मोबाइलवर शेवटची दोन अक्षरं कोण बघतं?

आमच्या पेजवर शिव्या यायला लागल्या तेव्हा कळलं. ज्या कंपनीकडून वेबसाइटचं नाव घेतलं, तिथे फोन केला. पलीकडून अगदी गोड आवाजात उत्तर आलं… "मॅडम, त्या देशाचे नियम वेगळे. बाकीची एक्स्टेंशन्स पण तुम्हीच घेऊन ठेवा ना, सेफ राहाल."

म्हणजे चोर शिरू नये म्हणून गल्लीतली सगळी घरं आपणच विकत घ्यायची. आणि दरवर्षी नवीन गल्ली निघणार… सायबर पोलिसांकडे तक्रार दिली आहे. ती साइट अजून चालू आहे.

त्या बाईंना मी दोन्ही साइट शेजारी शेजारी उघडून दाखवल्या. सासूबाईंनी पाकीट उचललं आणि स्वतःचा फोटो कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"हा तं आपल्या वावरातला फोटो हाय. मंग हे लोकं मले काऊन विकून राह्यले वो?"

मी पाकीट त्यांच्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं.

बाई गेल्यावर सासूबाई जेवल्या नाहीत. संध्याकाळी स्वतःच म्हणाल्या, "वैशाली, पाकिटावरून मायं नाव काढून टाक. माया नावाच्या हळदीनं आनखी कोन्या पोरीवर तोंड लपवाची पाळी नाई आली पाह्यजे."

मी खूप समजावलं. त्या ऐकेनात.

तर आता नवीन पाकिटं छापायला टाकली आहेत. नाव साधंसंच आहे, कोणाचंच नाही… नाव बदलायची वेळ आमच्यावर आली, त्यांच्यावर नाही.

त्या बाईंचे मात्र मनापासून आभार. त्या निदान भांडायला तरी पत्ता शोधत घरापर्यंत आल्या. बाकीच्यांनी न विचारताच आम्हाला चोर ठरवलं… त्यांच्याबद्दल माझं मन अजून साफ होत नाही.